पोहे घ्या, पण दुधाचा चहा जपून

आपल्या बेने इस्रायली (महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाच्या) गटाबरोबर पहिल्यांदाच इस्रायलला निघालाय आणि बॅगेत काय भरू म्हणून विचारलंय. स्वेटर न्या असं आधी एकाने सांगितलंय, ते खरंच. जेरुसलेम साधारण 750 मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री हुडहुडी भरते. मृत समुद्र मात्र समुद्रसपाटीच्या 400 मीटरहून जास्त खाली. तिथे जायचं असेल तर आदल्या दिवशी दाढी नको, मीठ असं झोंबतं की आई आठवते!

चहाचं प्रीमिक्स न्याल, पण कोशर (ज्यू आहारनियम पाळणाऱ्या) हॉटेलात रात्री मटण-चिकन असलं की त्या जेवणघरात दूध चालत नाही. दुधाचा चहा खोलीतच. (मला भर जेवणात उठवलं होतं.) शुक्रवारी दुपारीच खरेदी उरका, सूर्यास्तापासून शब्बाथ (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस), बहुतेक बसगाड्या बंद. कोतेलला (जेरुसलेमची पवित्र पश्चिम भिंत) खांदे-गुडघे झाकणारे कपडे, पुरुषांना टोपी.

तिथल्या लोद-दिमोना या शहरांत नातलग असतील तर मलिद्यासाठी (आपला प्रार्थनेच्या वेळचा गोड पोह्यांचा प्रसाद) पोहे न्या, मावशी-आत्या खूश. फक्त दुसऱ्याने दिलेलं पार्सल न उघडता घेऊ नका. "बॅग कोणी भरली?" हे विमानतळावर हमखास विचारतात.