पांढऱ्या कागदापुढं गुळव्या: अव्हेडॉनसारखा फोटो काढायचा होता, आधार कार्डासारखा आला

प्रश्न – कोल्हापूरकर:
भावकीचं गुऱ्हाळ आहे. हंगाम संपायच्या आत तिथल्या माणसांचे फोटो काढायचेत. फॅशन फोटोग्राफर रिचर्ड अव्हेडॉनने १९७९ ते १९८४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडचे खाणकामगार, ट्रकवाले, भटके टिपले, तसे. ९ फुटी पांढरा रोल आणला, गोठ्याच्या भिंतीला चिकटवला, भर दुपारी गुळव्या मामांना उभं केलं. कागद राखाडी आला, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी डबा) घेऊ का?

उत्तर – प्रीसेटप्रेमी:
ब्लॅक अँड व्हाइट करून काँट्रास्ट वाढव. झालं.

उत्तर – जुना_डार्करूमवाला:
वरच्यांचं ऐकू नकोस, खड्डे आणखी काळे होतील. सॉफ्टबॉक्सचे पैसेही खिशातच ठेव, अव्हेडॉनच्या त्या मालिकेत फ्लॅश नव्हताच. कागद सावलीत लावायचा आणि समोर मोकळं आभाळ हवं, एवढाच त्याचा दिवा. राखाडी कागद ही कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची करामत, पांढरं दिसलं की ते एक्स्पोजर कमी करतं. एक-दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). चेहऱ्यावरचा करकरीतपणा नंतर प्रिंट करताना येतो. त्याच्या प्रिंटांवर डॉजिंग-बर्निंगची, म्हणजे काही भाग उजळ नि काही गडद करायची, भरपूर मेहनत असायची.

पण तुझं खरं दुखणं कागदाचं नाहीच. तो ८ बाय १० इंची निगेटिव्हच्या डीअरडॉर्फ या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर काम करायचा. फिल्म आत सरकवली की त्यातून काही दिसतच नाही, म्हणून हा बाबा लेन्सशेजारी उभा. समोरचा माणूस माणसाकडं बघायचा. तूही कॅमेरा ट्रायपॉडवर लाव, रिमोट हातात घे, बाजूला उभा राहा. 'हसा' म्हणू नकोस. मी सासऱ्यांना म्हणालो होतो, तो फोटो आजही कपाटात तोंड लपवून आहे.

आणि ते सगळं सहज सापडलेलं समजू नकोस. मधमाश्यांनी लगडलेल्या उघड्या माणसाच्या १९८१ च्या फोटोसाठी त्याने मधमाशीपालकांच्या मासिकात जाहिरात देऊन माणूस शोधला होता.

कोल्हापूरकर:
आज सकाळी गोठ्याच्या सावलीकडच्या बाजूला जमवलं. चुलवाणात जाळ घालणारे काका म्हणाले, "कॅमेरा तिकडं, तू हिकडं, मी बघू कुठं?" तेवढ्यात बटण दाबलं. डोळे आलेत! कागदावर मात्र काकवी सांडलीय, अन् मुंग्या लागल्यात.