एन-४ आणि बोलता येणे
शिक्षकाविना, केवळ पुस्तके आणि ॲप वापरून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ (खालून दुसरी) पातळी गाठता येते, असे काही जण म्हणतात आणि ते मला मान्य आहे. मात्र त्या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते आणि उत्तरे दिलेल्या पर्यायांतून निवडायची असतात, त्यामुळे उत्तीर्ण झालेल्याला बोलता येतेच असे नाही. माझे उच्चार खासगी शिकवणीतच सुधारले. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, हा निव्वळ स्वराच्या लांबीचा भेद माझ्या कानाला जाणवतच नव्हता. बाईंनी प्रत्येक मात्रेला टाळी वाजवायला लावली, तेव्हा तो पक्का झाला. ‘त्सु’ मात्र मराठी माणसाला सहज जमतो, कारण ‘चूल’मधला च त्याच्या अगदी जवळचा आहे.