हेल्मेटमध्ये गाणी आणि रडार डिटेक्टरचा बीप, दोन्ही एकदम कसं ऐकायचं?

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, बाईकशी घेणंदेणं नसेल त्यांनी सरळ डिलीट मारा. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ हेडसेट आहे, फोनवरून गाणी मस्त वाजतात. आता हँडलवर रडार डिटेक्टर बसवलाय, म्हणजे पोलिसांची स्पीड मोजणारी रडार गन जवळ आली की बीप देणारा डबा, पण त्याचा स्पीकर बनवलाय कारच्या बंद केबिनसाठी, त्यामुळे हायवेला लागलं की वाऱ्यात त्याचा बीप गायब, नुसता लाल दिवा लुकलुकताना दिसतो आणि तोही उन्हात दिसला तर दिसला. खोक्यावर ब्लूटूथ लिहिलंय पण हेडसेटच्या पेअरिंगमध्ये त्याचं नावच येत नाही. हेडफोनचं भोक आहे, त्यात वायर घातली तर मग गाणी कुठून ऐकू? मला दोन्ही एकदम पाहिजे, आणि बीप आला की गाणं बारीक व्हावं, बंद पडू नये. कोणी जमवलंय का हे?

नंदू

---

नंदू,

डिटेक्टरचं ब्लूटूथ आणि हेडसेटचं ब्लूटूथ यांची फक्त भावकी आहे, बोलणं नाही. डिटेक्टरमध्ये असतं ते लो एनर्जी ब्लूटूथ, त्यातून जाते नुसती माहिती, म्हणजे कुठला बँड (रडारच्या लहरींची पट्टी), सिग्नल किती तगडा, पुढून का मागून. आवाज त्यातून जातच नाही, म्हणून हेडसेटला ते दिसत नाही. ही माहिती घ्यायला फोनवर अ‍ॅप लागतं आणि आवाज काढतो तो फोन. व्हॅलेंटाइन वन नावाच्या डिटेक्टरचं २०२० साली आलेलं दुसऱ्या पिढीचं मॉडेल असेल तर ब्लूटूथ आतच आहे, त्याला व्ही वन ड्रायव्हर किंवा अँड्रॉइडवर जेबीव्ही वन अशी अ‍ॅप्स आहेत. बाकीच्या कंपन्यांचीही आपापली असतात. तुझा कुठला डिटेक्टर आहे ते लिहिलं नाहीस, पण खोक्यावर ब्लूटूथ आहे म्हणतोस म्हणजे अ‍ॅप असणारच.

आता मुद्द्याचं. लोक हेडसेटला दोन वस्तू जोडायला बघतात, एकीकडून गाणी, दुसरीकडून बीप, आणि मग हेडसेटला शिव्या घालतात. बहुतेक हेडसेट मिक्स करत नाहीत, ते निवड करतात. फोन कॉल सगळ्यात वर, गाणी सगळ्यात खाली, वरचं आलं की खालचं गप्प. दोन फोन जोडले तरी स्टीरिओ गाणी एका वेळी एकाच फोनची वाजतात, दुसऱ्याने तोंड उघडलं की पहिला थांबतो नाहीतर दुसऱ्याकडे लक्षच जात नाही, हे मॉडेलवर आहे. काही नव्या हेडसेटमध्ये इंटरकॉमच्या, म्हणजे बाईकवाल्यांच्या आपसातल्या बोलण्याच्या, खाली गाणी बारीक चालू ठेवायची सोय असते, पण ती इंटरकॉमसाठी, तुझ्या बीपसाठी असेलच असं नाही. तेव्हा दोन आवाज एकत्र करायचे ते हेडसेटपर्यंत पोचायच्या आधी, आणि हे काम तुझा फोन फुकट करतो. गाणी त्याच फोनवर, डिटेक्टरचं अ‍ॅप त्याच फोनवर, बीपची वेळ आली की अ‍ॅप सिस्टीमला सांगतं मला थोडा वेळ बोलायचंय, सिस्टीम गाण्याचा आवाज खाली ओढते, बीप संपला की परत वर. अँड्रॉइड ८ पासून तर हे सिस्टीम आपणहून करते, आयफोनवर अ‍ॅप बनवणाऱ्याने तसं सांगितलेलं असावं लागतं. हेडसेटला एकच प्रवाह मिळतो, त्याला कळतही नाही आत किती जण बोलतायत. गाण्याऐवजी पॉडकास्ट लावलास तर मात्र तो बारीक न होता थांबू शकतो, बोलणं असलं की सिस्टीम तसं करते, त्यात बिघाड काही नाही.

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आवाज कुठल्या वाटेने पाठवायचा तो पर्याय असला तर मीडिया ठेव. फोन कॉल म्हणून पाठव असाही पर्याय काही अ‍ॅप्समध्ये असतो, तो नको. कॉलची लाइन मोनो असते, जुन्या पद्धतीची असेल तर ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, बीपची धार जाते, आणि गाणं थांबतं ते वेगळंच.

फोन हँडलवर लावायची गरज नाही हेही सांगून ठेवतो, जॅकेटच्या खिशात ठेव. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचं ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन खराब होऊ शकतं असं अ‍ॅपलने स्वतः २०२१ मध्ये सांगितलंय. बॅटरी सेव्हर मात्र त्या अ‍ॅपसाठी बंद कर, नाहीतर स्क्रीन काळी झाली की थोड्या वेळाने फोन अ‍ॅपला मारून टाकतो आणि तू निर्धास्त गाणी ऐकत बसतोस.

बापू

---

बापूकाका,

एकदम चाललं, गाणं खाली जातं बीप येतो गाणं वर येतं, घरात बसून डेमो मोडवर बघितलं. पण एक विचित्र आहे, गाणी बंद असली की पहिला बीप अर्धाच येतो, कधी येतच नाही, दुसऱ्यापासून नीट. गाणी चालू असताना हा प्रॉब्लेम नाही. आणि एक, सगळं फोनच्या भरवशावर ठेवायचं म्हणजे फोन बंद पडला की सगळंच गेलं ना, वायरने करायचं असेल तर?

नंदू

---

नंदू,

अर्ध्या बीपचं कारण सोपं आहे. आवाज नसला की फोन आणि हेडसेट मधली लाइन झोपवतात, वीज वाचवायला. बीप आला की लाइन उठते, त्यात अर्धा सेकंद एक सेकंद जातो, तेवढ्यात बीपचा पहिला तुकडा हवेत विरतो. ७० मैलांच्या स्पीडला सेकंदाला साधारण १०० फूट जातोस, तेव्हा हा उशीर दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एरवी गाणी चालू असताना ब्लूटूथला जो पाव सेकंदाच्या आतबाहेर उशीर होतो त्याचं काही वाटून घेऊ नकोस. उपाय म्हणजे लाइन जागी ठेवायची. काही अ‍ॅप्समध्ये त्यासाठी शांत आवाज चालू ठेवायचा पर्याय असतो, नसला तर नुसत्या शांततेची एक लांब ऑडिओ फाइल रिपीटवर लावून दे. शांतता रिपीटवर ऐकणारा माणूस, घरचे विचारतील काय झालं, पण चालतं.

आता वायर. वायरला झोपायची सवय नाही हा तिचा मोठा गुण, आणि खरं सांगायचं तर जुन्या मंडळींचा अजून तिच्यावरच जीव आहे. पण दोन वस्तूंचे आउटपुट वाय केबलने एकमेकांना थेट जोडायचे नाहीत. ती केबल एका आउटपुटमधून दोन हेडफोन काढायला असते. उलटी वापरलीस तर फोनचा अ‍ॅम्प आणि डिटेक्टरचा अ‍ॅम्प एकमेकांनाच ढकलत बसतात, आवाज फाटतो, खाली जातो. प्रत्येक वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र करायचं. आणि इथेच बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो, कारण हे जोडून ते थेट इअरफोन लावतात. इअरफोन असतो १६ किंवा ३२ ओहमचा, त्याच्या आधी हजार ओहम बसवल्यावर त्याच्यापर्यंत येणार काय, चिमणीचा आवाज. रेझिस्टरवाला मिक्सर हेडसेटच्या ऑक्स इनपुटला (बाहेरचा आवाज वायरने आत घ्यायचं भोक) किंवा छोट्या हेडफोन अ‍ॅम्पलाच लावायचा. सोल्डरिंग नको असेल तर बॅटरीवरचा छोटा मिक्सर घे, किंवा सेना कंपनीचा एसएम १० नावाचा ट्रान्समीटर बघ, त्याला दोन ऑक्स इनपुट आहेत, एकात फोन एकात डिटेक्टर, आत मिक्स होऊन हेडसेटला ब्लूटूथने जातं. बघ, इथेही मिक्स हेडसेटच्या आधीच झालं.

दोन गोष्टी आधीच तपास. डिटेक्टरचं भोक बरेचदा मोनो असतं, त्यात स्टीरिओ पिन गेली की एकाच कानात आवाज येतो आणि माणूस हेल्मेटचा दुसरा स्पीकर उसकटून बघत बसतो. पिनेवर काळ्या रेघा मोज, दोन असतील तर स्टीरिओ, एक असेल तर मोनो, मोनो ते स्टीरिओ अडॅप्टर मिळतो. दुसरं, फोनचा चार्जर आणि डिटेक्टर दोन्ही बाईकच्याच बॅटरीवर असतील आणि ऑडिओच्या वायरीही एकत्र झाल्या असतील तर ग्राउंडची कडी तयार होते, आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की हेल्मेटमध्ये कूंऽऽऽ असा आवाज चढत जातो. चार्जर काढून बघ, आवाज गेला तर तेच. ऑडिओच्या लाइनमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घातला की संपलं, आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो फक्त.

माझं मत विचारशील तर आधी फोनचा मार्ग, त्यात काही कमी पडलं तरच वायर. आणि फोन मेला तर काय, तर गाणीही बंद पडतील ना, तेव्हा तुला कळेलच.

बापू

---

बापू, नंदू,

मध्येच बोलते, राग मानू नका. मी रोज बाईकवर असते म्हणून लिहितेय, वायरिंगमधलं मला काही कळत नाही, कानांचं कळतं.

हेल्मेटच्या आत हायवे स्पीडला वाऱ्याचाच आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो, विंडशील्ड आणि हेल्मेटप्रमाणे कमीजास्त. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्याच्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. त्या वाऱ्यावर गाणी, गाण्यांवर बीप, असं चढवत गेलात तर डिटेक्टर चलान वाचवेल आणि कान मात्र जातील. आधी इअरप्लग घाला आणि मग आवाज सेट करा. फोमचे प्लग वाऱ्यापेक्षा बीपच्या वरच्या पट्टीला जास्त दाबतात, म्हणून गाणी आधी कमी करायची, बीप गाण्यापेक्षा जरा वर, एवढंच. पार्किंगमध्ये उभं राहून सेट केलेला आवाज रस्त्यावर कधीच बरोबर नसतो.

बँडचं नाव बोलून सांगणारी घोषणा पण बंद करा. वाऱ्यात के आणि केए या दोन रडार बँडच्या नावांत काय फरक कळणार, आणि फरक तर तोच महत्त्वाचा, कारण केए म्हणजे बहुतेक वेळा खरे पोलिस आणि के बँडवर २४ गिगाहर्ट्झच्या आसपास कारचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर आणि दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे पण बडबड करतात. प्रत्येक बँडला वेगळा टोन लावा, गाण्यात नसेल असा. बासरी आवडणाऱ्याने शिट्टीसारखा टोन लावला तर दिवसभर ब्रेकच मारेल. आणि स्लो स्पीडला बीप आपोआप म्यूट होईल असं अ‍ॅपमध्ये करता येतं ते कराच, नाहीतर गावातून जाताना इतकं टिटी टिटी होतं की खरा बीप आला तेव्हा मन लक्षच देत नाही.

कायद्याचंही बघा. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये डिटेक्टर वापरायलाच बंदी आहे, नुसतं ऐकायचं कसं हा प्रश्नच नाही तिथे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचवान सोडून सगळीकडे बंदी, आणि तिकडे जाताना आपण विसरतो हँडलवर काय आहे ते. दोन्ही कानांत इअरफोन घालून चालवायला कॅलिफोर्नियात मनाई आहे, आवाज कमी करणारे इअरप्लग चालतात पण सायरन आणि हॉर्न ऐकू आला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये पण एकाच कानात इअरफोन. तेव्हा नंदू, वायर लावून इअरफोनचा विचार असेल तर आधी आपल्या स्टेटचा नियम वाच.

आणि पोलिसांच्या लेझर गनचा बीप आला तर ते म्हणजे निकाल लागल्याची बातमी. हजार फुटांवर त्याचा झोत जेमतेम तीन फूट रुंद असतो, तुमच्या डिटेक्टरवर पडला म्हणजे स्पीड मोजून झालेला असतो. गाणं बारीक होऊन काय उपयोग.

शमा

---

शमाताईंचं सगळं पटलं, टोनचं तर मला सुचलंच नव्हतं. इअरप्लग घालून गाणी अर्ध्यावर आणली तरी जास्त स्पष्ट ऐकू येतात, हे उलटंच आहे पण आहे खरं. इअरफोनचा विचार सोडला, हेल्मेटचे स्पीकरच ठेवतो.

काका, शेवटचा एक. आम्ही चौघे एकत्र निघतो, इंटरकॉम चालू असतो. त्यात बीप गेला तर?

नंदू

---

नंदू,

इंटरकॉम चालू असताना बऱ्याच हेडसेटमध्ये फोनचा मीडिया आवाज गप्प होतो किंवा पार खाली जातो, म्हणजे बीपही त्याच्याबरोबर. ते तुझ्या हेडसेटच्या अ‍ॅपमध्ये बघ, गाणी आणि इंटरकॉम एकत्र चालू ठेवायचा पर्याय असेल तर चालू कर आणि मागच्या आवाजाची पातळी वर घे, कारखान्यातून येताना ती फारच खाली असते. चौघांपैकी कोणी बोलताना बीप काढून बघ, नुसतं शांत असताना ऐकू आलं याला अर्थ नाही.

तसा पर्याय नसेल तर इंटरकॉमच्या वेळेपुरता अ‍ॅपचा आवाज फोन कॉल म्हणून पाठव, पहिल्या मेलमध्ये नको म्हटलेला तोच पर्याय. गाणं नसताना त्याची अडचण नाही, आणि कॉल इंटरकॉमच्या वर असतो. पण बीप चालू असेपर्यंत बाकीचे काय बोलतात ते तुला ऐकू येणार नाही हे तिघांना सांगून ठेव, नाहीतर ते ओरडत बसतील आणि तू शांतपणे ब्रेक मारशील, मागे तेच असतात.

आणि चौघांनी चार डिटेक्टर जवळजवळ चालवू नका. काही स्वस्त डिटेक्टर स्वतःच बारीक सिग्नल सोडतात आणि शेजारच्याला तो रडार वाटतो. सगळ्यात पुढच्याचा चालू, सगळ्यात मागच्याचा चालू, मधले दोघं बंद.

बापू