टेलिव्हिजनचा ज अन् मेझरचा झ, डिक्शनरीत चिन्ह एकच. तक्त्यात काय लिहू?

धरमपेठकर: सहावीच्या पोरांसाठी इंग्रजी उच्चारचिन्हांचा तक्ता करून राहिले. उलटा ई म्हणजे अबाउटचा पहिला अ, इथवर जमलं. पण तीनच्या आकड्यासारखं जे चिन्ह आहे त्यासमोर कोणतं अक्षर लिहू? ज लिहिला तर पोरं मोजायचा मेझर अन् लष्करातला मेजर एकच करतात, अन् झ तर मी आधीच झीरोला देऊन बसले.

बर्डीवाला: झच ठेवा ना. महाराजबागेला आपण झूच म्हणतो, झेरॉक्स, झेब्रा, सगळीकडे चालतोच की.

वऱ्हाडी_मास्तर: काहून चालते? झाडातला झ वेगळा, झेंड्यातला वेगळा. झाड म्हणताना जीभ दातामागे, झेंडा म्हणताना टाळूला, अन् दोन्हीकडे ती आधी अडते मग हवा सुटते. झीरोत अन् मेझरमध्ये ती अडतच नाही, नुसती हवा घासत जाते. पोरांना गळ्यावर बोट ठेवून लांब श्श्श म्हणायला लावा, जीभ न हलवता गळा थरथरवायला सांगा, मेझरचा आवाज आपोआप निघतो. अक्षर पाहिजेच कशाला?

इतवारी: हिंदीत ज खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देतात झीरोसाठी, अन् या आवाजाला झ खाली नुक्ता. तेच घ्या, अर्धं नागपूर हिंदी वाचतेच.

बर्डीवाला: मराठीत नुक्ता नको. हिंदीवाले बैंक लिहितात, आपण बँक लिहितो, आपलं आपल्यापाशी आहे ते पुरे.

इतवारी: भाऊ, बँकवरचा तो चंद्र तरी इंग्रजी शब्दांसाठीच आणला ना? मग टिंबानंच मराठी बुडते का? १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशची राजधानी होतो, आमच्या आजोबांच्या मराठी पत्रांत नुक्ते दिसतात अन् त्यांच्या मराठीला कोणी नाव ठेवलं नाही.

वऱ्हाडी_मास्तर: आयपीए, म्हणजे ही उच्चारचिन्हं ठरवणारी संस्था, १८८६ साली पॅरिसला भाषा शिकवणाऱ्या मास्तरांनीच सुरू केली, वर्गात चिन्हं वापरता यावी म्हणून. चिन्हच शिकवा. ळलाही त्यात स्वतंत्र चिन्ह आहे, एलची शेपटी उजवीकडे वळवलेली.

गावाकडची: ळचं निघालंच तर विचारते, आमच्याकडे डोळ्याला डोया म्हणतात, तर तिथं तक्त्यात ळचं चिन्ह येईल की यचं?

वऱ्हाडी_मास्तर: जे कानाला ऐकू येते ते, म्हणजे यचं.

बर्डीवाला: शाळेच्या तक्त्यात डोया? अजिबात नाही.

गावाकडची: काहून नाही? सहावीतली निम्मी पोरं घरी तेच बोलतात.

धरमपेठकर: तक्ता इंग्रजीचा आहे हो. झ ठेवू की नुक्ता, तेवढं सांगा, उद्या छापायला द्यायचाय.

गावाकडची: केळ्याला केयं म्हणते माझी माय, ते चूक कसं ते आधी बर्डीवाल्यांनी सांगावं.