मदत हवी आहे: प्रोटॉनची असिमेट्री शून्याला चिकटून बसली आहे

क्वार्कवेडी
पोलराइज्ड डीप इनइलॅस्टिक स्कॅटरिंगच्या (स्पिन एका दिशेत लावलेल्या प्रोटॉनवर तसेच इलेक्ट्रॉन जोरात आदळवण्याच्या) डेटावरून प्रोटॉनचा ए१, म्हणजे स्पिन असिमेट्री (स्पिन उलट असताना आणि सारखे असताना होणाऱ्या धडकांमधला सापेक्ष फरक), काढायचा आहे. गाईडनी सरावासाठी फाईल दिली आहे. एक्स (धडक बसलेल्या क्वार्ककडचा प्रोटॉनच्या संवेगाचा वाटा) = ०.२५ च्या बिनमध्ये उत्तर ०.३५ च्या आसपास यायला हवं. माझं येतंय ०.००१२, त्रुटी ०.०००८. म्हणजे काहीच नाही! दोन्ही हेलिसिटींचे (बीमचा स्पिन गतीच्या दिशेने की उलट) इव्हेंट मोजले, वजाबाकी भागिले बेरीज केली. यात चुकण्यासारखं आहे तरी काय? कोड ओळ न् ओळ तपासला. सोमवारी ग्रुप मीटिंग आहे, कृपया लवकर सांगा. आणि 'स्पिन म्हणजे काय' छापाची उत्तरं नकोत.

त्रुटीपट्टी
टार्गेट कोणतं? बीम कसला, ऊर्जा किती? बीमचं पोलरायझेशन किती, टार्गेटचं किती? वजाबाकीत पहिलं कोण, समांतर की प्रतिसमांतर? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काय सांगणार, कप्पाळ?

सहज_सुचलं
मी भौतिकीतला नाही, पण विषय भन्नाट आहे. प्रोटॉन खरंच स्वतःभोवती गरगर फिरतो का?

क्वार्कवेडी
टार्गेट नेहमीचंच, अमोनिया. इलेक्ट्रॉन १०.६ जीईव्ही. पोलरायझेशन बीमचं ०.८५, टार्गेटचं ०.७० धरायला सांगितलंय. प्रतिसमांतर वजा समांतर.

@सहज_सुचलं, नाही.

जुनं_खोड
'नेहमीचंच' म्हणे. अहो, तीच तर मेख आहे. अमोनियाच्या एका रेणूत १७ न्यूक्लिऑन, त्यातले पोलराइज झालेले फक्त हायड्रोजनचे ३ प्रोटॉन. बाकीचे १४ नायट्रोजनच्या पोटात. तुमचा इलेक्ट्रॉन काही विचारून आदळत नाही. मोजलेल्या बहुतेक इव्हेंटांना स्पिनशी देणंघेणं नसतं. ते छेदात बसून असिमेट्री पातळ करतात. म्हणून डायल्यूशन फॅक्टरने भागायचं, ३/१७ म्हणजे ०.१७६ ने. शिवाय दोन्ही पोलरायझेशनांनी भागायचं. झालं काम.

रात्रपाळी
झालं कसलं? ३/१७ हे पाठ्यपुस्तकातलं. प्रत्यक्षात अमोनियाचे खडे द्रवरूप हीलियममध्ये बुडवलेले असतात, खड्यांच्या फटींतून हीलियम भरलेला असतो, पुढेमागे ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतात. ते सगळे न्यूक्लिऑन छेदात जातात. उलट बाजूला, एक्स = ०.२५ पाशी न्यूट्रॉनचा क्रॉस सेक्शन (धडक होण्याची शक्यता) प्रोटॉनपेक्षा कमी, त्यामुळे नुसती डोकी मोजली तर हायड्रोजनचा वाटा कमी धरला जातो. हे सगळं जमेला धरून ०.१५ ते ०.१७ उरतो, आणि तोही एक्सनुसार बदलतो. म्हणून मधूनमधून कार्बनच्या टार्गेटवर रन घेतात. तुमच्या फाईलसोबत डायल्यूशनचा तक्ता असणारच, बघा.

जुनं_खोड
सरावाच्या फाईलला कशाला हवेत खिडक्या न् हीलियम? आधी मोठा घोळ शोधा, मग दहा टक्क्यांवर भांडू.

रात्रपाळी
दहा टक्के तुमच्यासाठी थोडे असतील. पेपरात डायल्यूशनची सिस्टिमॅटिक त्रुटी लिहायला लागली की कळतं.

मूळव्याख्या
दोघंही डीपोलरायझेशन फॅक्टर विसरलात. इलेक्ट्रॉन आपलं सगळं पोलरायझेशन आभासी फोटॉनला देत नाही. किती देतो ते वाय वर ठरतं:

डी = वाय × (२ − वाय) ÷ [वाय-वर्ग + २ × (१ − वाय) × (१ + आर)]

इथे वाय म्हणजे इलेक्ट्रॉनने गमावलेल्या ऊर्जेचं प्रमाण आणि आर म्हणजे रेखांशी व आडव्या फोटॉनच्या क्रॉस सेक्शनचं गुणोत्तर. त्या बिनमध्ये सरासरी क्यू-वर्ग (फोटॉनने दिलेल्या धक्क्याचा वर्ग) किती? आणि डब्ल्यू (धडकेनंतर प्रोटॉनमधून निघालेल्या सगळ्या कणांचं मिळून वस्तुमान) वर कट लावलाय ना? २ जीईव्हीच्या खाली रेझोनन्स (प्रोटॉनच्या उत्तेजित अवस्था) घुसतात, तिथे हा ए१ क्वार्कचा राहत नाही.

क्वार्कवेडी
डब्ल्यू २ च्या वर आहे, क्यू-वर्ग १ च्या वर. हे सांगायला हवं होतं का? सरासरी क्यू-वर्ग २.५, वाय ०.५.

तक्ता सापडला, त्यात ०.१५ आहे. आर ०.२ धरला तर डी = ०.५१७. सगळ्याने भागलं: ०.००१२ ÷ (०.८५ × ०.७० × ०.१५ × ०.५१७) = ०.०२६. अजूनही जिथे ०.३५ हवं तिथे ०.०२६! डायल्यूशनवर भांडून काय उपयोग?

जुनं_खोड
म्हटलं नव्हतं, मोठा घोळ वेगळाच आहे.

हीलियमभक्त
माझं ऐका, अमोनियाच्या नादी लागूच नका. हीलियम-३ घ्या. काचेच्या सेलमध्ये वायू, रुबिडियमची वाफ, लेझरने ऑप्टिकल पंपिंग. रुबिडियमचं पोलरायझेशन टकरींतून हीलियमच्या केंद्रकाकडे जातं. दोन प्रोटॉन एकमेकांना बरेचसे निष्प्रभ करतात, केंद्रकाचा स्पिन मुख्यतः न्यूट्रॉन वाहतो, सुमारे ८७ टक्के. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या ई१४२ प्रयोगाने हेच वापरलं.

त्रुटीपट्टी
तिला प्रोटॉन हवाय. आणि डेटा घेऊन झालाय.

हीलियमभक्त
न्यूट्रॉनशिवाय ब्योर्केनचा सम रूल (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या जी१ च्या इंटिग्रलमधल्या फरकाचं भाकीत) कसा तपासणार?

त्रुटीपट्टी
कुणी विचारलंय ब्योर्केनला?

रात्रपाळी
अवांतर, पण डायल्यूशनची कटकटच नको असेल तर हर्मीस प्रयोगासारखं वायूचं टार्गेट. हेरा या कोलायडरच्या साठवण कड्यात २७.५ जीईव्हीचा बीम आणि मध्ये उघड्या नळीत पोलराइज्ड हायड्रोजनचे अणू. नायट्रोजन नाही, खिडकी नाही. घनता मात्र फारच कमी, पण कड्यात तोच बीम पुन्हा पुन्हा फिरून येतो म्हणून निभतं.

सहज_सुचलं
मग प्रोटॉनचा स्पिन नक्की येतो कुठून? तीन क्वार्क, प्रत्येकी अर्धा, दोन वर एक खाली, बरोबर ना? शाळेत असंच काहीसं शिकवलं होतं.

जुनं_खोड
शाळेतलं विसरा. सर्नच्या ईएमसी प्रयोगाने अमोनियावर म्यूऑनचा मारा करून मोजलं आणि १९८८-८९ मध्ये छापलं तेव्हा क्वार्कांच्या स्पिनचा एकूण वाटा ०.१२ निघाला, त्रुटी ०.०९ आणि ०.१४. म्हणजे क्वार्कांचा वाटा शून्य. पुढची कित्येक वर्षं त्याला 'स्पिन क्रायसिस' म्हणत होते.

मूळव्याख्या
'शून्य' नव्हे, 'शून्याशी सुसंगत'. त्रुटीची पट्टीच इतकी रुंद होती. पुढे एसएमसी, स्लॅक, हर्मीस, कंपास या सगळ्या प्रयोगांनी मिळून तो आकडा ०.३ च्या आसपास आणून ठेवला. क्वार्क स्थिर न धरता सापेक्षतावादी गतीने फिरणारे धरले तर साध्या मॉडेलातही ०.६ च येतं, १ नव्हे. तेव्हा खड्डा होता, पण जाहिरात झाली तेवढा खोल नव्हता. उरलेल्यात ग्लुऑन (क्वार्कांना बांधणारे कण) आहेत. रिक कोलायडरमध्ये प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून मिळालेल्या डेटावरून २०१४ च्या विश्लेषणात, एक्स ०.०५ च्या वर, ग्लुऑनचा वाटा (एकूण १/२ पैकी) ०.२ च्या घरात आला. त्याखालच्या एक्सचं चित्र धूसर आहे, ब्रूकहेव्हनचा इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर त्यासाठीच. आणि कक्षीय कोनीय संवेग आहेच. तो कसा वाटायचा यावर जाफे-मनोहर (१९९०) एक मांडणी देतात, शियांगदोंग जी (१९९७) दुसरी. मला विचाराल तर जीचीच बरी, कारण तिच्यातल्या राशी डीव्हीसीएसमधून (डीपली व्हर्च्युअल कॉम्प्टन स्कॅटरिंग) मोजमापाच्या टप्प्यात येतात.

जुनं_खोड
मोजमापाच्या टप्प्यात म्हणजे मॉडेल घुसडून. ग्लुऑनचा स्पिन आणि कक्षीय भाग वेगळे न करता येणारी मांडणी मला तरी अर्धवट वाटते.

मूळव्याख्या
वेगळे केले की गेजचा प्रश्न (गणिती निवडीनुसार विभागणी बदलण्याचा) उभा राहतो. हे तुम्हालाही माहीत आहे.

क्वार्कवेडी
माझा धागा आहे हो हा! सोमवार!

त्रुटीपट्टी
बरं, कामाचं बोलू. टार्गेटची दिशा काही रननंतर उलटवतात. काही रनमध्ये पोलरायझेशन +०.७ आणि काहींत −०.७ असेल आणि तुम्ही सगळे एकत्र ओतले, तर खरा परिणाम आपोआप पुसला जाईल. चिन्ह घेतलंत का?

क्वार्कवेडी
घेतलंय. उणे टार्गेट असेल तिथे समांतर-प्रतिसमांतरची अदलाबदल केली आहे. एवढं कळतं मला.

त्रुटीपट्टी
मग फाईलमधले सगळे स्तंभ लिहा. बिनकामाचे वाटतात तेसुद्धा.

क्वार्कवेडी
रन क्रमांक, हेलिसिटी, एक्स, क्यू-वर्ग, वाय, टार्गेट पोलरायझेशन, फॅराडे कपचा चार्ज (बीमचा एकूण विद्युतभार), एचडब्ल्यूपी. शेवटच्यात नुसतं ० किंवा १ आहे. बहुधा ट्रिगरचं काहीतरी, म्हणून सोडून दिलं.

रात्रपाळी
सापडला चोर. एचडब्ल्यूपी म्हणजे हाफ-वेव्ह प्लेट.

इलेक्ट्रॉनचा पोलराइज्ड बीम तयार होतो गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोकॅथोडवर वर्तुळाकार पोलराइज्ड लेझर पाडून. लेझरची दिशा पॉकेल्स सेल भराभर उलटसुलट करतो, ती तुमची हेलिसिटी. पण त्या वाटेत एक हाफ-वेव्ह प्लेट असते. ती आत सरकवली की लेझरची दिशा उलटते, इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र काहीच बदलत नाही. म्हणजे डेटात '+' लिहिलंय तेच राहतं आणि बीम प्रत्यक्षात '−' येतो. मुद्दाम करतात. शिफ्टवर असताना ठरावीक काळाने 'प्लेट आत' किंवा 'प्लेट बाहेर' करून लॉगबुकात नोंद करायची हे माझ्या पाचवीलाच पुजलेलं असायचं. हेतू असा, की इलेक्ट्रॉनिक्समधून शिरलेली खोटी असिमेट्री प्लेट हलवल्यावर तशीच राहते आणि खरी उलटते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या काढता येतात.

तुम्ही प्लेट आत आणि प्लेट बाहेर एकत्र ओतलंत. निम्मे-निम्मे रन असले तर शून्यच येणार.

आणखी एक, प्रत्येक हेलिसिटीचे इव्हेंट तिच्या चार्जने भागून घ्या. नुसती डोकी मोजू नका.

जुनं_खोड
हे मीही सांगणारच होतो.

त्रुटीपट्टी
हो हो.

सहज_सुचलं
पण असिमेट्री मुळात धन का? प्रतिसमांतर असताना जास्त धडका का व्हाव्यात?

मूळव्याख्या
हा प्रश्न चांगला आहे. फोटॉनची हेलिसिटी +१, क्वार्कचा स्पिन अर्धा. क्वार्क फोटॉनला गिळतो तेव्हा उरतो फक्त क्वार्क, आणि त्याला गतीच्या दिशेत +१/२ किंवा −१/२ एवढंच शक्य आहे. दोघांचे स्पिन एकाच दिशेला असले तर बेरीज ३/२ होते, ती क्वार्कला पेलवत नाही. म्हणून फोटॉनच्या उलट स्पिन असलेलाच क्वार्क फोटॉन गिळतो. प्रोटॉन फोटॉनच्या उलट उभा केला आणि तरी जास्त इव्हेंट आले, याचा अर्थ प्रोटॉनमधले ज्यांना फोटॉन दिसतो ते क्वार्क बहुतांशी प्रोटॉनच्याच दिशेने आहेत. विद्युतभाराचा वर्ग येत असल्याने त्यात यू क्वार्कचं वजन डी च्या चौपट.

क्वार्कवेडी
प्लेटनुसार वेगळे केले, चार्जनेही भागलं.

प्लेट बाहेर: +०.०१६९
प्लेट आत: −०.०१६१

चिन्ह जुळवून सरासरी ०.०१६५, त्रुटी तीच ०.०००८. सगळ्या फॅक्टरांनी भागल्यावर ए१ = ०.३६, त्रुटी ०.०१७. @रात्रपाळी, खूप खूप आभार. त्या स्तंभाला वर्णन द्यायला काय होत होतं देव जाणे.

त्रुटीपट्टी
आत आणि बाहेरच्या आकड्यांची बेरीज करून निम्मी केली तर ०.०००४. ती तुमची खोटी असिमेट्री, त्रुटीच्या आत आहे. मीटिंगमध्ये हा आकडा आधी दाखवा, कुणीतरी विचारणारच. ०.०१७ ही मात्र फक्त सांख्यिकी त्रुटी हं. पोलरायझेशन आणि डायल्यूशनची अजून यायची आहे.

रात्रपाळी
तिथे येतात माझे दहा टक्के.

क्वार्कवेडी
शेवटचं एकच: यावरून जी१ (स्पिनवर अवलंबून असलेलं स्ट्रक्चर फंक्शन) काढायला एफ२ (स्पिन न धरणारं) कुठून घेऊ? आणि ए२ (दुसरी, आडवी असिमेट्री) सोडून दिला तर चालेल का?

मूळव्याख्या
एफ२ चं जागतिक डेटावर बसवलेलं कोणतंही पॅरामीटरायझेशन घ्या, फक्त ते क्यू-वर्ग २.५ पाशी लागू असलं पाहिजे. मग जी१ = एफ२ × (ए१ + गॅमा × ए२) ÷ [२ × एक्स × (१ + आर)]. आर चा आकडा डी मध्ये वापरला तोच इथेही ठेवा. दोन ठिकाणी दोन आर घेणारे मी पाहिलेत, आणि मग ते चुकीचा उगम भलतीकडेच शोधत बसतात. ए२ साठी खरं तर टार्गेट आडवं पोलराइज करून मोजावं लागतं. गॅमा म्हणजे २ × प्रोटॉनचं वस्तुमान × एक्स ÷ क्यू, तुमच्याकडे तो ०.३ आहे. कंपासच्या १६० जीईव्ही म्यूऑनला तो नगण्य असतो, तुम्हाला नाही. तेव्हा ए२ शून्य धरलात तर तसं स्लाईडवर लिहा.

हीलियमभक्त
आणि जी१ चं इंटिग्रल काढून ब्योर्केनकडे जायचं ठरवलंत, की प्रोटॉन वजा न्यूट्रॉन लागतो. जीए (न्यूट्रॉनच्या बीटा क्षयातून मिळणारा स्थिरांक) भागिले ६, म्हणजे ०.२१, वर क्यूसीडीची दुरुस्ती. न्यूट्रॉन कुठून आणाल?

जुनं_खोड
ड्यूटेरॉनमधून.

हीलियमभक्त
डी-स्टेटची (ड्यूटेरॉनमधल्या एल = २ कक्षीय अवस्थेची) दुरुस्ती कोण करणार?

त्रुटीपट्टी
नवा धागा काढा दोघंही.