७ टेस्ला एफएमआरआय: टॉपअप करूनही नाकावरचा भाग काळाच, आणि एका रनमध्ये पट्टे

वासवाला_सांगलीकर
नमस्कार मंडळी. नेदरलँड्समध्ये पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. प्रयोग वासांवरचा, एफएमआरआयने (मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणारं स्कॅनिंग), म्हणजे मला नेमका डोळ्यांच्या वरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग हवा. जो ७ टेस्लाच्या तगड्या चुंबकाच्या स्कॅनरवर सगळ्यात आधी दगा देतो, तोच.

ग्रेडियंट-एको ईपीआय (झटपट चित्र घ्यायची पद्धत), १.५ मिमी व्हॉक्सेल (चित्राचा छोटा ठोकळा), १२८ ओळी, टीई (सिग्नल मोजेपर्यंतचा वेळ) २५ मिलिसेकंद, ग्रॅपा ३ (तीनातली एकच ओळ मोजून बाकीच्या गणिताने भरणं). उलट्या दिशेचा छोटा रन (एक सलग स्कॅन) घेऊन टॉपअप (वेडंवाकडं झालेलं चित्र सरळ करणारं सॉफ्टवेअर) केलं. कपाळाचा दबलेला आकार सरळ झाला, पण नाकाच्या वरचं काळं भोक तसंच.

दुसरं दुखणं: चौथ्या माणसाच्या दुसऱ्या रनचा टीएसएनआर (सिग्नल किती स्थिर आहे ते दाखवणारा) नकाशा बाजूने पाहिला तर सतरंजीसारखे आडवे पट्टे. एक स्लाइस उजळ, एक अंधारी. नॉर्डिक (नॉइज काढणारी पद्धत) लावून पाहिलं, पट्टे हलले नाहीत. गाईड म्हणतात रन टाकून दे. पण त्या स्लॉटसाठी तीन आठवडे थांबलो होतो हो.

खोलीबाहेरचा
मी पुण्यात ३ टेस्लावर टेक्निशियन. पहिला प्रश्न नेहमीचाच: दातामागे रिटेनरची तार आहे का? आम्ही एकदा अर्धा तास शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) करत बसलो होतो, मग बाईंना आठवलं.

वासवाला_सांगलीकर
विचारलं होतं, नाही. आणि भोक सगळ्यांनाच आहे.

उलटी_ओळ
सांगलीकर, भोक आणि पट्टे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी भोक. तुमचा एको स्पेसिंग (दोन ओळींमधला वेळ) ०.८ मिलिसेकंदाच्या आसपास धरते. ग्रॅपा ३ मुळे तो जणू ०.२७ झाला, १२८ ओळींना ३४ मिलिसेकंद लागले, म्हणजे एका व्हॉक्सेलला साधारण २९ हर्ट्झ. सायनसमधल्या हवेमुळे तिथलं क्षेत्र १०० हर्ट्झनी सहज बिघडतं. झाला ना सिग्नल साडेतीन व्हॉक्सेल, म्हणजे ५ मिमी, इकडचा तिकडे! टॉपअप एवढंच परत जागेवर आणतं. पण जिथे एकाच व्हॉक्सेलच्या आतले स्पिन (सिग्नल देणारे सूक्ष्म चुंबक) एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये जाऊन सिग्नलच संपला, तिथे परत आणायला उरलंय काय? इस्त्रीने सुरकुती जाते, भोक बुजत नाही.

त्यामुळे हा इलाज स्कॅनरवरच. पार्शियल फूरिये ६/८ (ओळींचा पाऊणच भाग मोजणं) करून टीई २० च्या खाली आणा. ७ टेस्लावर करड्या भागाचा टी२-स्टार (सिग्नल विरण्याचा वेळ) तसाही २५-३० मिलिसेकंदांचा, तिथे त्याहून कमी. स्लाइस पातळ ठेवा, कोन तिरपा करून बघा. शिमच्या चौकटीत मान आणि नाक घेऊ नका. आणि उलट्या रनला चौकट जराही हलवू नका. स्कॅनर गुपचूप नव्याने शिम करतो, मग टॉपअपला दोन वेगळी क्षेत्रं मिळतात. यात माझे दोन महिने गेलेत.

आता पट्टे. नॉर्डिक औष्णिक नॉइज काढतं, तेही हालचाल दुरुस्त करायच्या आधी लावलं तर. तुमचा बिघाड मला ग्रॅपाच्या संदर्भ ओळींमध्ये (ज्यांवरून न मोजलेल्या ओळी भरायचं गणित ठरतं) दिसतो. त्या रनच्या अगदी सुरुवातीला घेतल्या जातात. जुन्या पद्धतीत एका स्लाइसच्या ओळी तीन हप्त्यांत येतात आणि दोन हप्त्यांमध्ये अख्खा टीआर (सगळ्या स्लाइस एकदा घ्यायचा वेळ) जातो. तेवढ्यात माणूस हलला किंवा खोल श्वास घेतला, तर त्या स्लाइसचं गणित पूर्ण रनभर चुकतं. ७ टेस्लावर छाती फुगली तरी डोक्यातली फ्रीक्वेन्सी काही हर्ट्झ सरकते. रनच्या पहिल्या दोन-चार सेकंदांत काय झालं होतं, आठवतंय?

वासवाला_सांगलीकर
ताई, लॉगबुक उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "रन २ सुरू, विचारलं ठीक आहेस ना, मान हलवली."

मी इंटरकॉमवर विचारलं आणि विचारता विचारताच स्टार्ट दाबलं. आणि मीच त्याला बजावलं होतं, बोलू नकोस म्हणून. बिचाऱ्याने मान डोलावली.

खोलीबाहेरचा
आमच्याकडे पेशंट हात वर करतात.

उलटी_ओळ
रॉ डेटा जपून ठेवला आहे का? डायकॉम (तयार चित्रं) नव्हे, के-स्पेसचा (चित्र बनण्याआधीचा). असेल आणि माणूस दोन रनच्या मध्ये बाहेर आला नसेल, शिमही तेच असेल, तर रन १ च्या संदर्भ ओळी वापरून रन २ पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करून बघा. पुढच्या वेळी सिक्वेन्समध्ये फ्लीट (संदर्भ ओळी घ्यायची दुसरी पद्धत) मागा. त्यात एका स्लाइसचे तिन्ही हप्ते लागोपाठ, सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकतात.

वासवाला_सांगलीकर
रॉ फाइल आहे! सर्व्हर ती १४ दिवसांनी पुसतो, आज बारावा. डाउनलोडला लावली आहे, ६ टक्के झालंय.