बऱ्याच वर्षांनी पुन्हा व्हायोलिन, आणि तेही थेट ग्रुपमध्ये?

बडोदेकरीण
नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारची. लग्नाआधी सुरसागरसमोरच्या म्युझिक कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला व्हायोलिन शिकायचे, मग नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि व्हायोलिन जे माळ्यावर गेलं ते गेलंच. आता रिटायर झालेय आणि इथल्या एका मंडळाने गणपतीसाठी वाद्यवृंद बसवायला घेतलाय, तीन-चार व्हायोलिन, बासरी, पेटी, तबला असं. मैत्रीण रोज डोकं खातेय की चल म्हणून. व्हायोलिनचा डबा उघडला तर गजाचे, म्हणजे तारांवर फिरवायच्या काठीचे, निम्मे केस एका बाजूने कातरल्यासारखे तुटलेले. शिवाय गुडघे असे की मांडी घालून अर्धा तास बसणं म्हणजे शिक्षाच. आधी वर्षभर कोणाकडे तरी नीट शिकून मग ग्रुपमध्ये जावं की आत्ताच? आत्ता तर यमनची सरगमसुद्धा धड निघत नाही हो.

राळवाला
ताई, केस तुटले नाहीत, खाल्लेत. डबा बंद राहिला की आत बारीक किडा होतो, त्याची अळी घोड्याचे केस खाते. गजाला नवे केस बसवून घ्या, डबा पूर्ण व्हॅक्यूम करून दिवसभर उघडा ठेवा नाहीतर नव्या केसांचंही तेच. तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एक काढायची, एक चढवायची, नाहीतर घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) आडवी होते आणि कधीकधी आतला साउंड पोस्टही (पोटातली उभी काडी) पडतो, मग कारागीर शोधत फिरा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, जोर लावू नका.

गंधार_चढा
माझं मत विचाराल तर आत्ताच जा. एकट्याने वर्षभर घरात घासत बसलं की हात सुधारतो पण लय सुधारत नाही, आपण अवघड जागी नकळत हळू होतो आणि कोणी पकडत नाही. ग्रुपमध्ये तबला थांबत नसतो. सगळे सूर वाजवायचे असाही नियम नाही, जलद तान आली की फक्त समेचा (तालाच्या पहिल्या मात्रेवरचा) आणि मुक्कामाचा सूर धरायचा, मधलं शेजारचा वाजवेल. गज मात्र सगळ्यांचा एकाच दिशेने जायला हवा, हे पहिल्या दिवशीच ठरवून कागदावर पेन्सिलने गजाच्या खुणा मारून घ्या.

आता पेटी आहे म्हणताय म्हणून सांगतो. पेटीचा शुद्ध गंधार (सरगममधला ग) तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट चढा असतो (100 सेंट म्हणजे एक अर्धा सूर) आणि कोमल ग साधारण 16 सेंट उतरलेला. कॉलेजात तंबोऱ्यावर कान तयार झाला असेल तर तुम्ही अगदी बरोबर वाजवाल आणि तरी पेटीशी घासेल. 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं. पण ग्रुपमध्ये तत्त्वाचं भांडण नको, पेटी वाजतेय तोवर तिच्याशी जुळवा, ती थांबली की आपला गंधार.

सासूबाईंचीसून
गंधार_चढा, काका, मला नाही पटत. माझ्या आत्याने असंच केलं, थेट भजनी मंडळात, आणि खांदा वर उचलून, मनगट आवळून वाजवायची सवय लागली ती आता सुटत नाही. ताई, दोन्ही करा ना, ग्रुपही आणि महिन्यातून एकदोनदा कोणा जाणत्याला हात दाखवायचा. नुसता लांब गज, एकेका तारेवर, आवाज न थरथरता, हे वीस मिनिटं केलं तरी पुष्कळ. आणि हो, चष्मा! प्रोग्रेसिव्हमधून स्टँडवरचं नोटेशन वाचताना मान वर जाते आणि हनुवटीखालून व्हायोलिन सरकतं. स्टँडच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या, आणि कागद मोठ्या टाइपात, नाहीतर भातखंडे पद्धतीतले वरखालचे ठिपके दिसतच नाहीत, मंद्रातला (खालच्या सप्तकातला) नी तारात (वरच्या सप्तकात) वाजतो :))

राळवाला
गुडघ्यांचं राहिलं. खाली बसायची बैठक छान कारण स्क्रोल (व्हायोलिनचं वळलेलं टोक) उजव्या पायावर टेकतो आणि डावा हात मींडेला (सूर घसरत नेण्याला) मोकळा राहतो. मांडी जमत नसेल तर बेताच्या उंचीचा चौरंग आणि वर उशी, पाय पुढे. जास्त उंच नको, स्क्रोल पायापर्यंत पोचत नाही. खुर्चीवर बसणार असाल तर शोल्डर रेस्ट लावा, पण लांब मींडेला व्हायोलिन हलतं, तिथे स्वर तोडून घ्यायचे, वृंदात चालतं. आणि जायच्या आधी सा कुठला ते विचारा. व्हायोलिन काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेलं आणि तिथे पांढरी चार निघाली तर ताणता ताणता तार गेलीच समजा.

बडोदेकरीण
सगळ्यांचे आभार. मैत्रिणीला फोन केला, सा काळी एकच आहे म्हणे, पण तालमीला पेटीबरोबर कीबोर्डही येणार आहे, म्हणजे गंधार कायमचाच चढा. चौरंग घरात आहे, फक्त सध्या त्यावर मुलाचा प्रिंटर बसलाय. मोठ्या टाइपात नोटेशन त्याच्याकडूनच काढून घेते, मग प्रिंटर हलवते. कारागिराचं विचारायचं होतं, बडोद्यात गजाला केस बसवून देणारा कोणी माहीत आहे का, की अहमदाबादला पाठवावा लागेल?

राळवाला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.